पाय सरळ झाला होता, मग पुन्हा आत का वळला?

जागतिक क्लबफूट दिन, म्हणजे जन्मजात आत वळलेल्या पावलांचा दिवस, ३ जूनला झाला. नेहमीचे फोटो छापून आले: प्लास्टर, इवले बूट, हसरं बाळ. त्या फोटोंत न येणारी मुलं तीन-चार वर्षांची असतात. प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर (टेंडन) सोडवून झाली, पोर चालू लागलं, पेढेही वाटले. आणि आता पाऊल पुन्हा आत पडतंय. शाळेच्या खरेदीला ठाण्याच्या टेंभी नाक्यावर निघण्याआधी जुने बूट उलटे करून पाहावेत. एकाचीच बाहेरची कड झिजलेली असेल तर दुकानाआधी डॉक्टर गाठावा.

पाय असा उलटण्याचं मोठं कारण म्हणजे सुटलेली दांडी. दांडीला जोडलेले ते बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे साधारण चार वर्षांपर्यंत झोपेत घालायचे असतात. डोंबिवलीच्या उकाड्यात, एका खोलीत, मूल रात्रभर रडतं. आजी म्हणते, ‘बरा झालाय की आता, कशाला बांधून ठेवता लेकराला?’ आजीला खलनायिका ठरवू नये. दांडी नेमाने घालूनही काही पाय उलटतातच.

अशा वेळी शीर हलवण्याची शस्त्रक्रिया येते. नडगीवरून उतरणारा टिबियालिस अँटिरियर स्नायू पाऊल वर उचलतो, पण त्याची शीर पावलाच्या आतल्या कडेला रुजलेली असते. बाहेरचे स्नायू कमजोर असले की दर पावलाला तळवा आत ओढला जातो. म्हणून ही शीर बाहेरच्या दिशेला न्यायची.

किती न्यायची, यावर डॉक्टरांत दोन तट आहेत. एक पंथ अख्खी शीर पावलाच्या मधोमध, तिसऱ्या क्युनिफॉर्म हाडात बसवतो. दुसरा ती उभी चिरून अर्धीच बाहेरच्या क्युबॉइडकडे नेतो. अर्धी आत राहिली की पाय उलट बाजूला कलंडण्याची भीती कमी, हा त्यांचा मुद्दा. प्लास्टर-दांडीची ही पद्धत घडवणाऱ्या इग्नासिओ पोनसेटींना तो मान्य नव्हता: शीर चिरली की पाऊल बाहेर वळवणारी ताकद घटते. अख्खी शीर फार बाहेर नेली तर मात्र पाय सपाट पडतो. म्हणून जागा नेमकी हवी, आणि ते हाड पुरेसं घट्ट झालेलं हवं. अडीच वर्षांच्या आत घाई नको. टिबियालिस पोस्टेरियरची शीर नडगीच्या दोन हाडांमधून पुढे आणण्याचा तिसरा मार्ग आपल्याकडे कुष्ठरोगातल्या लुळ्या पावलांसाठी जुना आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी अशा शस्त्रक्रियांना नाव मिळवून दिलं. साध्या क्लबफूटमध्ये मात्र त्याने तळव्याची कमान ढासळू शकते, म्हणून तो राखीव ठेवलेला बरा.

माझं झुकतं माप पोनसेटींना. घड्याळजीचा हा मुलगा स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची हाडं प्लास्टरने जोडत होता, पुढे मेक्सिकोमार्गे आयोवाला पोचला. त्यांच्या पद्धतीला जगाने तीनेक दशकं भाव दिला नाही. आयोवातल्याच रुग्णांना ३७ ते ५५ वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा शीर हलवलेले पाय नीट चालत होते. हा अभ्यास २०१५चा. ‘ऑपरेशन लागलं म्हणजे प्लास्टर वाया गेलं’ ही समजूत त्यामुळे सोडावी. कडक झालेला पाय नुसती शीर हलवून सरळ होत नाही. आधी दोन-तीन प्लास्टरं लागतातच. मग हाडाला भोक, त्यातून शीर, आणि दोरा थेट तळव्याखाली एका बटणावर बांधलेला. सहा आठवडे मांडीपर्यंत प्लास्टर. पुढे, पोनसेटींच्या मते, दांडीची गरज नाही.

या उपचारांसाठी सरकारी योजना आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ला पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाली. जन्मजात वाकडे पाय त्याच्या यादीत आहेत आणि उपचार मोफत आहेत. टेंभी नाक्याजवळच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाच्या जागी ९०० खाटांची इमारत ठरली; बातम्यांत खाटाच मोजल्या जातात. चार वर्षांची दांडी खाटेवर होत नाही. पाय वाढला की बूट बदलायचा, त्यासाठी कसाऱ्याहून लोकलने यायचं, एक रोज बुडवायचा. तो रोज आणि ते तिकीट भरून देणारं कलम त्या मोफत उपचारांत आधी घालावं. अख्खी शीर की अर्धी, हे डॉक्टर भांडून ठरवतील.