सही तीच, लिहिण्याची रीत एकच

चेकवरची सही नमुन्याशी जुळली नाही तर बँक तो परत करते, हे कुठल्याही व्यापाऱ्याला सांगायला नको. बिटकॉइन या संगणकी चलनात मात्र बँक नाही आणि मॅनेजरही नाही. जगभरातील हजारो संगणकांवर एकच खातेवही असते आणि प्रत्येक संगणक प्रत्येक सही स्वतः तपासतो. एकाने सही मंजूर केली आणि दुसऱ्याने नाकारली, तर वहीच्या दोन वह्या होतात. २०१५ साली हा धोका उभा राहिला होता. चालू धंद्यात नियम कडक करायचा आणि जुने गिऱ्हाईकही सांभाळायचे, हा पेच आपल्या वाचकांनाही ठाऊक आहे, म्हणून ही हकीकत देत आहोत.

बिटकॉइनची सही म्हणजे दोन मोठे आकडे. ते लिहिण्याची ठरलेली रीत आहे, तिला डीईआर म्हणतात. पण सही तपासण्यासाठी ओपन-एसएसएल नावाची तयार आज्ञावली वापरली जाई, आणि ती बरीच ढिली होती. सात हा आकडा ७, ०७ किंवा ००७ कसाही लिहिला तरी ती मान डोलवी. पैसे त्याच माणसाला जात, रक्कमही तीच राही, पण सहीचे रूप बदलले की व्यवहाराचा ओळख क्रमांक बदले. पावती क्रमांकावरून हिशेब जुळवणाऱ्याची यात फसगत होते. टोकियोच्या माउंट गॉक्स या पेढीने फेब्रुवारी २०१४ मध्ये पैसे देणे थांबवले तेव्हा क्रमांक बदलण्याच्या याच प्रकाराकडे बोट दाखवले होते. अर्थात त्या पेढीची प्रचंड तूट एवढ्याने भरून येण्यासारखी नव्हती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले.

जानेवारी २०१५ मध्ये ओपन-एसएसएलच्या नव्या आवृत्तीने अचानक हात आखडता घेतला. ज्यांनी ती बसवली ते ढिली सही नाकारणार, बाकीचे स्वीकारणार! आपल्या वहीचा कायदा परक्याच्या आज्ञावलीवर सोपवला की असे होते. त्याच महिन्यात पीटर वुइले या बेल्जियन प्रोग्रामरने नवा नियम मांडला, तो बीआयपी ६६ या नावाने ओळखला जातो. यापुढे सही काटेकोर डीईआर रीतीनेच लिहिलेली हवी, असा तो नियम.

यातली खुबी अशी की नियम फक्त आवळला, सैल केला नाही. नव्या नियमात बसणारी सही जुन्या आज्ञावलीलाही मान्यच होती, त्यामुळे सर्वांनी एकाच दिवशी आज्ञावली बदलण्याची सक्ती नव्हती. शिवाय ढिल्या सह्या पुढे न पाठवण्याची पद्धत २०१३ पासूनच सुरू होती, म्हणजे दोन वर्षांची आगाऊ सूचना म्हणा ना. वहीला नवी पाने जोडणाऱ्या मायनरांचा कौलही घेतला गेला. मागील १००० पानांपैकी ७५० नव्या खुणेची झाली की त्या खुणेच्या पानांना नियम लागू, आणि ९५० झाली की जुन्या खुणेचे पान बादच.

हा दुसरा टप्पा ४ जुलै २०१५ रोजी गाठला. लगेच एका मागे राहिलेल्या मायनरने जुन्या खुणेचे पान जोडले. एवढ्यावर भागले असते. पण कौल देणाऱ्यांपैकी काही बडे मायनर घाईपोटी पान न तपासताच त्यावर पुढची पाने रचत होते. परिणामी सहा पाने फुकट गेली. त्या वेळी एका पानामागे २५ बिटकॉइन मिळत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडले, आणि एकूण ५० हजार डॉलरहून अधिक कमाई बुडाली. हलक्या आज्ञावलीवर पैसे स्वीकारणाऱ्यांना नेहमीपेक्षा ३० पाने जास्त थांबण्याचा सल्ला द्यावा लागला. आमच्या मते दोष नियमाचा नव्हता. ‘आम्ही तपासतो’ अशी खूण करून न तपासणाऱ्यांचा होता.

खरी गोम वुइले यांनी २८ जुलैला उघड केली. विशिष्ट तऱ्हेने लिहिलेली सही काही संगणकांना मान्य होई आणि विंडोज चालवणाऱ्यांना अमान्य. हे ज्याच्या ध्यानात आले असते त्याला वही मुद्दाम फोडता आली असती. नियम लागू होईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवली होती. ओळख क्रमांक बदलण्याची एक पळवाट त्यानंतरही उरली होती. तिचा बंदोबस्त ऑगस्ट २०१७ मधील पुढच्या सुधारणेने झाला, तोही ती सुधारणा वापरणाऱ्या व्यवहारांपुरता.