चूक फोटोची, भाव भीतीचा

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात रातोरात फ्लेक्स उभे राहतात. गुणवंतांचे फोटो पालकांनी दिलेले असतात. मागचा स्टेथोस्कोप मात्र डीटीपी करणाऱ्या पोरानं गूगलवरून उचललेला. तो कुणाचा, हे क्लासवाल्या सरांनाही ठाऊक नसतं. उद्या त्यापायी दोन लाखांची नोटीस आली तर?

हा प्रश्न आता हवेतला नाही. काही सेकंदांच्या दृश्यांसाठी एएनआय वृत्तसंस्थेनं ४५ ते ५० लाख मागितल्याचा आरोप यूट्यूबर मोहक मंगल यांनी मे २०२५ मध्ये केला. आपण कायदेशीर हक्कच बजावतोय, असं संस्थेचं म्हणणं. हक्क मान्य, पण आकडा ठरला कशावरून?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५५ अजाणतेपणाची दखल घेतं. कॉपीराइट असल्याचं माहीत नव्हतं आणि तसं वाटायला वाजवी कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर भरपाई नाही. मनाई हुकूम आणि नफ्यातला कोर्टाला योग्य वाटेल तो वाटा, एवढंच. ही पळवाट मात्र अरुंद आहे. फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. ‘गूगलवर होता’ म्हणून सुटका होणं कठीण.

अमेरिकेत नोंदणी झालेल्या कृतीसाठी अजाणत्या चुकीचा दंड २०० डॉलरपर्यंत उतरतो, मुद्दाम केलेल्या चोरीचा दीड लाख डॉलरपर्यंत चढतो. आपल्याकडे दिवाणी भरपाईचा असा तक्ता नाही. शिवाय कलम ६२ दावेदाराला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावू देतं. परगावच्या तारखा, वकिलाची फी, बुडालेले दिवस यांचा हिशेब मांडला की लातूरचा माणूस मुकाट्यानं तडजोड करतो. आकडा असा भीतीवर ठरतो.

फोटोग्राफरचं दुखणंही खरंच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्याखालचं एखादं नाव आठवतंय?

माझ्या मते चुकून वापर झाला असेल तर नेहमीची परवाना फी आणि वर थोडा भुर्दंड, एवढंच न्याय्य. पोकळ धमकीविरुद्ध कलम ६० खाली कोर्टात जाता येतं, हेही लक्षात असू द्या. नोटीस आली तर आधी फोटो काढून टाका. मग मालकीचा पुरावा मागा आणि विचारा: हाच फोटो याआधी कितीला विकला, त्याचं बिल दाखवता का?