पिशवीचा माग आणि माणसाचाही

दत्तजयंतीला कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमावर भाविकांची रीघ लागते. त्या गर्दीत पिशवी वा किल्ल्यांचा जुडगा हरवल्यास ‘ट्रॅकर’ ही लहानशी चकती उपयोगी पडते. ॲपलने २०२१ मध्ये आणलेला ‘एअरटॅग’ हे तिचे परिचित उदाहरण.

या एअरटॅगमध्ये जीपीएस नसते. तो ब्लूटूथचे क्षीण संकेत सोडतो; आसपासचे आयफोन ते टिपून त्याचे स्थान कूटबद्ध स्वरूपात मालकापर्यंत पोहोचवतात. म्हणूनच यात्रेत तो कामी येतो, बीदरकडील निर्जन माळावर मात्र मुका राहतो.

हीच चकती कोणी एखाद्या स्त्रीच्या पर्समध्ये गुपचूप सरकवली, तर तिचे घर आणि जाण्यायेण्याच्या वेळा परक्याला कळतात. यावर उपाय म्हणून मे २०२४ मध्ये ॲपल व गुगल यांनी अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर देण्यास आरंभ केला. अशी सूचना आल्यास चकतीचा आवाज वाजवून ती शोधावी, अनुक्रमांक टिपावा, बॅटरी काढावी आणि पोलिसांना कळवावे. साधा फोन वापरणाऱ्यांना मात्र ही सूचना मिळत नाही. त्यांनी सामान अधूनमधून तपासणे इष्ट.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. वस्तू शोधण्याची सोय या हक्काहून मोठी नाही.