मीराबेनचं माहेर, बापूंचं लंडन

सेवाग्रामची बापूकुटी मुळात मीराबेनसाठी बांधलेली, हे किती जणांना माहीत असतं? तिथल्या मातीच्या भिंतीवरची उठावातली ताडाची झाडं आणि चरखाही त्यांच्याच हातचा. या मीराबेन म्हणजे ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची लेक, मॅडलिन स्लेड. १९२५ला त्या भारतात आल्या आणि १९३१च्या शरद ऋतूत दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बापूंबरोबर पुन्हा मायदेशी गेल्या.

मुक्काम कुठे, तर पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत, समाजसेविका म्यूरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये, गच्चीवरच्या एवढ्याशा खोल्यांत! बड्या हॉटेलांना रामराम. पहाटेची प्रार्थना झाली की बापू गल्लीबोळांतून भराभर फिरायला निघत. सप्टेंबरात थेट लँकेशायर. खादीमुळे, विदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे ज्यांच्या गिरण्यांना झळ बसली, त्याच डार्वेनच्या कामगार बायका त्यांना गराडा घालून हसताहेत. तो फोटो शोधून बघाच! चॅप्लिनची भेट, ऑक्सफर्ड, बकिंगहॅम पॅलेसचा चहाही झाला. पण मला विचाराल तर खरं इंग्लंडदर्शन डार्वेनचंच.

लंडनला गेलात तर बो भागातला किंग्जली हॉल बघा. बापूंची खोली तिथे जपून ठेवलीय.