लेखांक ७ : क्लाउडवरील स्नॅपशॉट – टॅग, व्हॉल्ट आणि किल्ली

क्लाउडवरच्या सर्व्हरची डिस्क सहसा त्या सर्व्हरच्या पेटीत नसते. एडब्ल्यूएसमध्ये ती ईबीएस नावाच्या वेगळ्या साठवण यंत्रणेत असते आणि नेटवर्कवरून सर्व्हरला जोडलेली असते. त्यामुळे सर्व्हर चालू असताना, त्यावरचे काम न थांबवता, डिस्कची एका क्षणाची स्थिती टिपता येते. यालाच स्नॅपशॉट म्हणतात. बॅकअप सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसचे स्वतःचे असो की व्हीम, कमव्हॉल्टसारखे बाहेरचे, डिस्कच्या स्नॅपशॉटपुरते त्याचे काम सारखेच. ठरल्या वेळी क्लाउडला ‘या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घे’ असा आदेश द्यायचा, त्याची नोंद ठेवायची आणि मुदत संपलेले काढून टाकायचे. आदेश देणे हा यातला सर्वांत सोपा भाग. पुढे अडचणी येतात त्या जवळजवळ सगळ्या आधीच्या चार निर्णयांतून : कशाचा स्नॅपशॉट घ्यायचा, कधी घ्यायचा, कुठे ठेवायचा आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाकडे असावा. उदाहरणासाठी येथे जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली एडब्ल्यूएस बॅकअप ही सेवा घेतली आहे, आणि मुंबई रीजनमधला एक नेहमीचा सर्व्हर : एक रूट व्हॉल्यूम, आणि डेटाबेससाठी दुसरा.

ईबीएसचा स्नॅपशॉट ५१२ केआयबीच्या ब्लॉकांत मोजला जातो. पहिल्या स्नॅपशॉटमध्ये व्हॉल्यूमवर लिहिले गेलेले सगळे ब्लॉक जातात, त्यानंतरच्या प्रत्येकात फक्त मधल्या काळात बदललेले. ५०० जीबीचा व्हॉल्यूम पूर्ण भरलेला आहे आणि रोज १० जीबीचे ब्लॉक बदलतात असे धरले, तर ३० दिवसांच्या ३० स्नॅपशॉटना १५,००० जीबी जागा लागत नाही. ५०० अधिक २९ गुणिले १०, म्हणजे ७९० जीबी पुरते. मधला एखादा स्नॅपशॉट पुसला तरी पुढच्यांना लागणारे ब्लॉक शाबूत राहतात, त्यामुळे साखळी तुटण्याची भीती नसते. मात्र जुने स्नॅपशॉट पुसूनही बिल अपेक्षेइतके का उतरत नाही, याचेही कारण हेच. यातली एक गोम सहज नजरेतून सुटते. यंत्रणेला फाइल दिसत नाही, ब्लॉक दिसतो. स्वॅप फाइल किंवा डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइली त्याच व्हॉल्यूमवर असतील, तर ज्याची कोणालाच गरज नाही तेही रोज स्नॅपशॉटमध्ये जाते. पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॅक्यूम फुल’ चालवले की टेबले नव्याने लिहिली जातात आणि त्या रात्रीचा स्नॅपशॉट एकदम फुगतो.

आदेश स्वीकारला गेला तो क्षण पक्का होतो. प्रत्यक्ष माहिती पोहोचायला तासभर लागला, तरी मधल्या काळातले नवे लेखन त्या स्नॅपशॉटमध्ये शिरत नाही. पण सर्व्हरच्या मेमरीत असलेले आणि डिस्कवर अजून न उतरलेले त्यात येत नाही. म्हणजे असा स्नॅपशॉट अचानक वीज गेलेल्या सर्व्हरच्या डिस्कसारखा असतो. पोस्टग्रेस किंवा इनोडीबीवर चालणारा मायएसक्यूएल अशा अवस्थेतून सुरू झाला की आपला लॉग वाचून स्वतःला सावरतो. मायआयसॅम टेबलांना ती सोय नाही. सावरण्याची अटही एकच : डेटा आणि लॉग दोन वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील, तर दोन्हींचा क्षण एकच असला पाहिजे. एडब्ल्यूएस बॅकअपमध्ये स्वतंत्र व्हॉल्यूम न निवडता संपूर्ण ईसीटू सर्व्हर निवडला, तर त्याला जोडलेल्या सर्व ईबीएस व्हॉल्यूमचा क्षण एकच धरला जातो. म्हणून डेटाबेस सर्व्हरसाठी सुटे व्हॉल्यूम निवडण्याची काटकसर करू नये. विंडोज सर्व्हरसाठी व्हीएसएसचा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. लिनक्सवर स्नॅपशॉटच्या आधी फाइल सिस्टिम क्षणभर गोठवून नंतर मोकळी करणारी स्क्रिप्ट वापरता येते. सर्व्हरच्या यजमान यंत्रातच असलेली इन्स्टन्स स्टोअर डिस्क मात्र यापैकी कशातच येत नाही.

कशाचा स्नॅपशॉट घ्यायचा, हे सांगण्याची रूढ रीत म्हणजे टॅग. ज्या सर्व्हरला ‘backup = daily’ असा टॅग आहे ते सगळे या योजनेत, एवढा एक नियम पुरतो. नवा सर्व्हर आला की त्याला टॅग लावायचा, योजनेला हात लावायला नको. सोय मोठी आहे, पण तिच्यातली चूक आवाज करत नाही. टॅगमध्ये इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, त्यामुळे ‘Backup’ लिहिलेला सर्व्हर ‘backup’ शोधणाऱ्या योजनेत येतच नाही. जे काम सुरूच झाले नाही ते अयशस्वीही ठरत नाही, म्हणून अहवाल स्वच्छ दिसतो. दुसरी जागा सेवांच्या यादीची. एडब्ल्यूएस बॅकअपमध्ये कोणत्या प्रकारची साधने हाताळायची हे प्रत्येक रीजनमध्ये स्वतंत्रपणे चालू करावे लागते. आरडीएस ही डेटाबेस सेवा चालू केली नसेल, तर टॅग बिनचूक असूनही डेटाबेस वगळला जातो.

अशी निवड चुकली की काय होते, याची सर्वांत सविस्तर जाहीर नोंद गिटलॅबने स्वतः ठेवली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचीच निर्देशिका पुसली. तेव्हा गिटलॅब मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवर होते. डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हते, कारण त्यासाठी इतर व्यवस्था पुरेशी आहे असे धरले गेले होते. ती इतर व्यवस्था म्हणजे रोजचा डंप. तो पोस्टग्रेसच्या आवृत्तीतील तफावतीमुळे बरेच दिवस निघतच नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेल डीमार्कच्या तपासणीत नाकारले जात होते. अखेर कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. सहा तासांची माहिती गेली. म्हणून योजनेबरोबर उलटी तपासणीही लावावी : जिथे रिकव्हरी पॉइंटच, म्हणजे परत जाता येईल अशी घेतलेली प्रतच नाही, अशा साधनांची यादी रोज मागवावी. एडब्ल्यूएस बॅकअपच्या ऑडिट मॅनेजरमध्ये हा नियम तयार मिळतो. सूचना ज्या पत्त्यावर जातात तो चालू आहे की नाही, हेही मुद्दाम एक काम अपयशी करून पाहता येते.

वेळापत्रकातली चूक बहुधा साडेपाच तासांची असते. क्रॉन पद्धतीने वेळ देताना टाइमझोन वेगळा निवडला नसेल, तर ती यूटीसी धरली जाते. पहाटे २ वाजता म्हणून ‘2’ लिहिले, की काम भारतात सकाळी ७.३० ला सुरू होते. पहाटे २ हवे असतील तर आदल्या दिवशीचे २०.३० लिहावे लागतात, आणि मग महिन्याच्या १ तारखेचा स्नॅपशॉट यूटीसीत मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. आता टाइमझोन निवडण्याची सोय आहे, तेव्हा ‘एशिया/कोलकाता’ निवडून हा हिशेब टाळणे बरे. शिवाय दिलेली वेळ म्हणजे बॅकअप विंडो उघडण्याची वेळ. काम त्याच मिनिटाला सुरू होईल असे नाही. काही बदलले नाही तर ही विंडो ८ तासांची असते, म्हणजे पहाटे २ चे काम सकाळी १० पर्यंत कधीही सुरू होऊ शकते. तेवढ्या वेळात सुरूच झाले नाही, तर त्याची नोंद ‘एक्स्पायर्ड’ अशी होते. सूचना फक्त ‘फेल्ड’ या अवस्थेवर लावणाऱ्यांना ती दिसत नाही.

किती दिवस ठेवायचे, याचा नियम सोपा आहे. किती जुन्या चुकीकडे परत जावे लागेल, तेवढे दिवस. रोजचे ३५ दिवस आणि महिन्याचे एक वर्ष, ही जोडी बहुतेक ठिकाणी चालून जाते. मुदत दिलीच नाही तर रिकव्हरी पॉइंट आपोआप कधीच जात नाही आणि सर्व्हर काढून टाकल्यावरही त्याचे भाडे चालू राहते. जुने स्नॅपशॉट स्वस्त आर्काइव्हमध्ये टाकण्याचा मोह मात्र आवरावा. तिथे स्नॅपशॉट बदललेल्या ब्लॉकांपुरता न राहता पूर्ण आकाराचा होतो, किमान ९० दिवसांचे पैसे द्यावे लागतात आणि परत आणायला २४ ते ७२ तास लागतात. वर्षाकाठच्या एखाद्या प्रतीसाठी हे ठीक. रोजच्या स्नॅपशॉटसाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आता पुसण्याचा अधिकार. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या एडब्ल्यूएस नियंत्रण पॅनेलमध्ये एका हल्लेखोराने शिरकाव केला आणि खंडणी मागितली. कंपनीने ताबा परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने ईबीएस स्नॅपशॉट, एस-थ्री बकेट आणि मशीन इमेज पुसायला सुरुवात केली. सुमारे १२ तासांत बहुतेक सगळे गेले आणि कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. स्नॅपशॉट होते, पण ज्या खात्यात सर्व्हर त्याच खात्यात, त्याच पासवर्डामागे. दुकानाची चावी आणि तिजोरीची चावी एकाच जुडग्यात ठेवल्यावर वेगळे काय होणार?

यावर दोन उपाय एकत्र वापरतात. एडब्ल्यूएस बॅकअपमध्ये रिकव्हरी पॉइंट ज्या व्हॉल्टमध्ये जातात त्याला कुलूप लावता येते. गव्हर्नन्स प्रकारचे कुलूप विशेष परवानगी असलेला माणूस काढू शकतो. कम्प्लायन्स प्रकारचे कुलूप लावल्यावर किमान तीन दिवसांची विचार करण्याची मुदत असते. ती संपली की खात्याचा रूट वापरकर्ता तर नाहीच, खुद्द एडब्ल्यूएसही ठरल्या दिवसांआधी काही पुसू शकत नाही. म्हणून आधी गव्हर्नन्सवर महिनाभर चालवून, मुदतीचे आकडे बरोबर आहेत याची खात्री झाल्यावरच कम्प्लायन्सकडे वळावे. चुकून १० वर्षांची मुदत पडली, तर १० वर्षे बिल भरावे लागेल. दुसरा उपाय म्हणजे फक्त बॅकअपसाठी वेगळे खाते उघडून तिथे प्रत पाठवणे. दोन्ही खाती एकाच ऑर्गनायझेशनमध्ये असावी लागतात आणि पलीकडच्या व्हॉल्टच्या धोरणात प्रत स्वीकारण्याची परवानगी लिहावी लागते.

इथे बहुतेकांचे गाडे अडते ते एन्क्रिप्शनच्या किल्लीवर. व्हॉल्यूम एडब्ल्यूएसच्या आयत्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असेल, तर त्याचा स्नॅपशॉट दुसऱ्या खात्यात नेता येत नाही. त्यासाठी केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत स्वतःची किल्ली करून व्हॉल्यूम तिने एन्क्रिप्ट केलेला असावा लागतो आणि त्या किल्लीच्या धोरणात दुसऱ्या खात्याला वापराची मुभा द्यावी लागते. चालू सर्व्हरवर हे नंतर करायचे म्हणजे स्नॅपशॉट घेऊन, नव्या किल्लीने त्याची प्रत काढून, त्यातून नवा व्हॉल्यूम बनवून बदली करणे आले. सुरुवातीलाच ठरवले तर हा खटाटोप वाचतो. किल्ली पुसली की तिने बंद केलेले सगळे स्नॅपशॉट जागेवर असूनही निकामी होतात. म्हणूनच केएमएस किल्ली लगेच पुसू देत नाही. ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा सक्तीची आहे.

प्रत दुसऱ्या रीजनमध्येही असावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-२ ही इमारत जळून गेली. काही ग्राहकांचे मूळ सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते. भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट यंत्रणेची माहिती भारतातच साठवावी लागते. एडब्ल्यूएसचे मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाले, पण हैदराबादचे नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली सहा वर्षे अशा कंपन्यांना एडब्ल्यूएसवर देशातल्या देशात दुसरे रीजन नव्हते. अझ्युरवर पुणे, चेन्नई आणि मुंबई ही तीन रीजन २०१५ पासून होती. एडब्ल्यूएसचे हैदराबाद रीजन खात्यात आधी मुद्दाम चालू करावे लागते, नाहीतर ते निवडताच येत नाही. पहिली प्रत पूर्ण जाते, पुढच्या बदललेल्या ब्लॉकांपुरत्या, आणि तिकडची किल्ली तिकडचीच असते.

रिस्टोअर करताना जुना व्हॉल्यूम मागे फिरवला जात नाही, स्नॅपशॉटमधून नवा तयार होतो. तो काही सेकंदांत ‘उपलब्ध’ दिसतो, पण त्यातला प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जाईल तेव्हा दूरच्या साठ्यातून येतो. परिणामी डेटाबेस चालू झाल्यावर पहिले काही तास कमालीचा मंद असतो. आधी सगळा व्हॉल्यूम एकदा वाचून काढणे किंवा फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर ही तासागणिक पैसे घेणारी सोय वापरणे, हे त्यावरचे उपाय. रिस्टोअर करणाऱ्या रोलला किल्ली वापरण्याची परवानगी नसेल, तर सर्व्हर सुरू होऊन लगेच टर्मिनेट होतो आणि कारण म्हणून ‘क्लायंट.इंटर्नलएरर’ एवढेच दिसते. त्यावरून किल्लीकडे लक्ष जायला वेळ लागतो. नवा व्हॉल्यूम जुन्या सर्व्हरलाच जोडून काही फाइली काढायच्या असतील आणि फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल, तर तो माउंट होत नाही, कारण दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो. ‘nouuid’ हा पर्याय दिला की काम होते.

या अडचणी आधीच कळाव्यात म्हणून रिस्टोअरची चाचणी घ्यावी. नोव्हेंबर २०२३ पासून एडब्ल्यूएस बॅकअपमध्ये ती वेळापत्रकाने करता येते. सेवा ठरल्या दिवशी एक रिकव्हरी पॉइंट निवडून सर्व्हर उभा करते, तपासणीसाठी ठरावीक तास ठेवते आणि मग काढून टाकते. सर्व्हर उभा राहिला एवढ्यावर समाधान मानू नये. एखाद्या मुख्य टेबलमधली शेवटची नोंद किती वाजताची आहे, हे पाहणारी छोटी क्वेरी त्या तासांत चालवावी. चाचणी हाताने केली, तर उभे केलेले सर्व्हर नंतर आठवणीने पुसावे लागतात. रिस्टोअर करताना टॅग सोबत आणण्याचा पर्याय निवडला असेल, तर ते विसरलेले सर्व्हरही ‘backup = daily’ घेऊन बसतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचेही स्नॅपशॉट निघू लागतात.