रुईचं झुडूप राहू द्या

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्या अंथुर्णे गावी मुक्कामाला असते. त्याआधी आठ-पंधरा दिवस गावात नुसती धांदल. अंगणं सारवायची, रस्ते झाडायचे, गवत काढायचं. काही वर्षांपूर्वी बचत गटातल्या बायकांना घेऊन मी अशीच स्वच्छता मोहीम काढली. रस्त्याकडेची सगळी रुई आम्ही कोयत्यानं सपासप तोडली. आमच्या परसातलं झुडूपही सोडलं नाही.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, शनिवारी मारुतीला हार कशाचा करायचा? रथसप्तमीला पानं कुठून आणायची?"

"आई, रानात काय रुई कमी आहे?" म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी शेजारची तिसरीतली पोरगी तोडलेली फांदी घेऊन दारात उभी. पानावर बोटाएवढी अळी. अंगावर काळे-पांढरे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके आणि काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. "काकू, हिला आता काय खायला देऊ? पानं सुकली ना!"

"टाक ती तिकडे," असं तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून गप्प बसले. कालव्याच्या कडेची रुईची ताजी पानं आणली. अळी एका डब्यात ठेवून वर जुन्या साडीचा तुकडा बांधला. चार दिवस तिनं नुसतं खाल्लं. मग उलटी लटकली आणि तिचा हिरवा कोष झाला, वर सोनेरी ठिपके. साधारण आठवड्यानं सकाळी साडी सोडली, तर आत केशरी फुलपाखरू. पंखांची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके. पंख वाळले तसं भुर्रकन उडून गेलं. पोरगी टाळ्या पिटत होती. मला मात्र कोयता आठवत होता. त्या दिवशी अशा किती अळ्या आम्ही कचऱ्यात घातल्या असतील?

मग मी या विषयावर मिळेल ते वाचलं. या फुलपाखराला मराठीत 'बिबळ्या कडवा' म्हणतात. नाव अगदी सार्थ आहे. रुईचा विषारी चीक अळीच्या अंगात मुरतो आणि फुलपाखरातही उतरतो. एकदा खाल्लं की पक्ष्याला ओकारी होते, पुन्हा तो वाटेला जात नाही. गंमत म्हणजे दुसऱ्याच एका जातीची मादी हुबेहूब असाच पोशाख करून फिरते आणि पक्ष्यांना फसवते. तिच्या अळ्या आपल्या घोळीच्या भाजीवर वाढतात!

अमेरिकेतलं प्रसिद्ध मोनार्क फुलपाखरू म्हणजे आपल्या कडव्याचं चुलत भावंडच. थंडीच्या आधी कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत ते मेक्सिकोच्या डोंगरातल्या जंगलात जातं. जाणाऱ्यांपैकी एकानंही ती वाट आधी पाहिलेली नसते, तरी दर वर्षी तेच डोंगर गाठतात. तीही एक वारीच म्हणायची. या मोनार्कची अळीसुद्धा रुईच्या गोतातल्या चिकाच्या झाडांवरच जगते. मका-सोयाबीनच्या शेतात तणनाशकं आली, ती झाडं गेली आणि मोनार्क घटत गेलं. 2022 साली हे स्थलांतर करणारं मोनार्क जागतिक लाल यादीत धोक्यातलं म्हणून नोंदलं गेलं.

हे वाचलं आणि आमचे उसाचे बांध डोळ्यांपुढे आले. पूर्वी खुरपणीला बायकांची रांग असायची. आता पाठीवर पंप घेऊन एक गडी दुपारपर्यंत रान मोकळं करतो. बायकांची मजुरी गेली, बांधावरची घोळ-तांदुळजा गेली. तिथली रुई गेली, तशी अळीही गेली.

मैत्रिणींनो, फुलपाखरं यावीत म्हणून आपण झेंडू, सदाफुली, एकझोरा लावतो. पण फुलं म्हणजे फुलपाखराचं हॉटेल. बाळंतपणाला त्याला माहेरच लागतं, आणि प्रत्येक जातीचं माहेर ठरलेलं असतं. कडव्याचं रुई. काळ्या-पिवळ्या लिंबू फुलपाखराचं लिंबू आणि कढीपत्ता. तिथली लहान अळी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, ती झटकू नका. पानफुटीवर, कण्हेरीवर, एरंडावरही वेगवेगळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंतसुद्धा लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं.

फार काही करावं लागत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात एक रुई राहू द्या. कुंडीत कढीपत्ता असेल तर त्यावर औषध मारू नका. अळीनं चार पानं खाल्ली तरी झाड पुन्हा फुटतं. एक मात्र सांभाळा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून पानं तोडल्यावर हात साबणानं धुवा आणि लहान मुलांना एकटं हात लावू देऊ नका.

आमच्या परसातली रुई बुंध्यातून पुन्हा फुटली. चिवट झाड ते. आता पालखीआधीच्या मोहिमेत आम्ही प्लॅस्टिक, काचा, गाजरगवत सगळं काढतो, पण रुईला हात लावायच्या आधी पानं उलटी करून बघतो. पहिल्या वर्षी बायका हसल्या. "ताई, अळ्या मोजताय का?" म्हणाल्या. आता त्याच हाका मारून दाखवतात, "ताई, इथं आहे बघा एक!"

सासूबाईंना शनिवारच्या हाराला पानं घरचीच मिळतात. तोडताना त्याही आता पान उलटं करून बघतात आणि अळी असली की ते पान झाडावरच ठेवतात. म्हणतात, "मारुतीला एक पान कमी चालतं गं."