अंगणवाडीतील बालकांचा सायंकाळचा आहार

अंगणवाडीतील बालकांचा सायंकाळचा आहार म्हणजे अंगणवाडी सुटल्यानंतर रात्री झोपेपर्यंत सहा वर्षांखालील मुलांना घरी दिले जाणारे अन्न होय. अंगणवाडीतील आहार हा घरच्या जेवणाला पूरक असतो. तो त्याची जागा घेत नाही. त्यामुळे सायंकाळचे खाणे चुकल्यास मुलाच्या दिवसभराच्या आहारात मोठी तूट राहते.

पार्श्वभूमी

भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंतर्गत ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता व गरम ताजा आहार, तर ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बालकांना घरपोच आहार दिला जातो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार हा आहार बालकांचा कायदेशीर हक्क आहे.

आहाराचे प्रमाण

अंगणवाडीतून प्रत्येक बालकाला दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी, असा निकष आहे. तीव्र कुपोषित बालकांसाठी तो ८०० किलोकॅलरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षे वयाच्या मुलाची दैनंदिन गरज सुमारे १,३६० किलोकॅलरी असते. म्हणजेच अंगणवाडीचा आहार पूर्ण खाल्ल्यावरही सुमारे ८६० किलोकॅलरी घरच्या अन्नातून मिळणे आवश्यक ठरते. लहान मुलाचे पोट लहान असल्याने हे अन्न एकाच वेळी देता येत नाही; ते सकाळ, सायंकाळ आणि रात्र असे विभागावे लागते.

कडेगाव परिसर

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका मूळचा अवर्षणप्रवण आहे. ताकारी व टेंभू उपसा सिंचन योजनांच्या पाण्यामुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले. तालुक्यात वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना आहे. शेतीकामाच्या दिवसांत घरातील स्त्रिया दिवेलागणीच्या सुमारास शेतातून परततात व त्यानंतर चूल पेटते. अंगणवाडीत दुपारी जेवलेले मूल तोवर भुकेले होते आणि अनेकदा रात्रीचा स्वयंपाक होण्यापूर्वीच झोपी जाते. ऊसतोडणीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन कोपीत राहणाऱ्या कुटुंबांत ही अडचण अधिक तीव्र असते. अशा स्थलांतरित बालकांची नोंद मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीत करून त्यांना आहार देता येतो.

चहा-बिस्किटांचा प्रश्न

मधल्या भुकेसाठी मुलांना चहा-बिस्किटे देण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते व पुढचे जेवण कमी होते. चहातील टॅनिन धान्ये, डाळी व पालेभाज्यांतील लोहाचे शोषण घटवते. पातळ पेज किंवा नुसते आमटीचे पाणी यांतूनही पोट भरते, परंतु ऊर्जा अल्प मिळते.

योग्य आहार

सायंकाळी दोन टप्प्यांत खाऊ घालणे सोयीचे असते. पहिल्या टप्प्यात, म्हणजे पाचच्या सुमारास, पुढीलपैकी एखादा पदार्थ देता येतो:

• शेंगदाण्याचे कूट व गूळ
• गूळ घातलेली नाचणीची खीर
• थालीपीठ किंवा दशमी
• उकडलेले अंडे, दूध किंवा केळे

दुसऱ्या टप्प्यात झोपेपूर्वी जेवण द्यावे. वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी किंवा ज्वारीच्या कण्या यांसाठी योग्य ठरतात. तिखट घालण्यापूर्वी मुलाच्या वाटणीचे वरण बाजूला काढता येते. एक चहाचा चमचा तेल किंवा तूप घातल्यास सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात; अन्नाचे आकारमान मात्र फारसे वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ६ ते ८ महिन्यांच्या बालकाला स्तनपानासह दिवसातून २ ते ३ वेळा, तर ९ ते २३ महिन्यांच्या बालकाला ३ ते ४ वेळा पूरक अन्न द्यावे. स्तनपान दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही सुरू ठेवावे.

दक्षता

अख्खे शेंगदाणे, फुटाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने लहान मुलांना ते कूट करूनच द्यावेत. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांहून अधिक काळ ठेवल्यास ते बालकास देणे टाळावे. भरवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. झोपाळलेल्या मुलाला बळजबरीने भरवण्याऐवजी जेवणाची वेळच अलीकडे आणणे हितावह असते. आई शेतात असल्यास आजी, आजोबा किंवा वडील पहिला टप्पा सांभाळू शकतात.

हे सुद्धा पहा

• अंगणवाडी
• कुपोषण
• कडेगाव तालुका